ड्रायव्हरवाचून चालणारी मोटार

या धड्यात आपण एका नव्या मोटारीची माहिती घेणार आहोत. ही मोटार ड्रायव्हरवाचून चालते. चाक कोणी धरीत नाही. ब्रेकवर कोणाचा पाय नसतो. उतारू मागच्या बाकावर बसतो. कुठे जायचे ते त्याने आधीच मोबाइलवर सांगितलेले असते. मोटार त्याला तिथे नेऊन सोडते.

ही काही गोष्टीतली उडती सतरंजी नव्हे. अमेरिकेतील फीनिक्स शहरात २०२० साली अशा मोटारी भाडे घेऊन सर्व लोकांना नेऊ लागल्या. २०२४ साली सॅन फ्रान्सिस्को या मोठ्या शहरातही त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या. चीनमध्ये वुहान शहरात तशाच मोटारी चालू लागल्या.

कोणी म्हणेल, "हे सगळे परदेशातले. आम्हांला त्याचे काय?" प्रश्न बरोबर आहे. आमचे उत्तर असे: मोटार कोणीही चालवो, रस्त्याने जाणारा माणूस सगळीकडे सारखाच. २०२२ साली एकट्या भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. साऱ्या जगात मिळून दर वर्षी सुमारे १२ लाख मरतात. त्यांतली निम्म्याहून अधिक माणसे पायी चालणारी, सायकलवर किंवा फटफटीवर बसलेली असतात. म्हणजे ती तुमच्याआमच्यासारखीच. तेव्हा मोटारीने कोणता निर्णय कसा घ्यावा, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

१. रूळ आणि रस्ता

दिल्लीच्या मेट्रो रेल्वेच्या एका मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकावाचून गाड्या धावू लागल्या. मग मोटारीचे एवढे कौतुक कशाला?

कारण रूळ वेगळा आणि रस्ता वेगळा. रुळावर गाडीला डावीउजवीकडे वळायचे नसते. मेट्रोच्या मार्गात कोणी माणूस येत नाही, गुरे येत नाहीत, हातगाडी येत नाही. पुढची गाडी किती अंतरावर आहे, हे आधीच कळते. गाडीने चालायचे किंवा थांबायचे, एवढेच ठरवायचे.

शहराचा रस्ता तसा नाही. तिथे बस थांबते. रिक्षावाला मधेच वळतो. पोर चेंडूमागे धावते. म्हातारी हात दाखवून रस्ता ओलांडते. कोणी खड्डा चुकवितो, कोणी चुकीच्या बाजूने येतो. दर क्षणाला काही नवे घडते. त्या दर क्षणाला मोटारीने काहीतरी ठरवावे लागते.

पूर्वी बाजार करून परतताना गाडीवानाला डुलकी लागली, तरी बैल गाडी घरी आणीत. बैलाला वाट पाठ असे, आणि त्याला डोळेही असत. वाटेत झाड पडलेले दिसले, तर तो थांबे. मोटारीला पेट्रोल आहे, वीज आहे, पण बैलाची ही समज तिच्यात नाही. ती समज माणसाने तिच्यात घालावी लागते.

हे काम सोपे नव्हते. २००४ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका शाखेने मोहावे वाळवंटात अशा वाहनांची शर्यत ठेवली. वाट सव्वादोनशे किलोमीटरांहून लांब होती. सर्वांत पुढे गेलेले वाहन सुमारे १२ किलोमीटरांवर अडकले. एकही वाहन शेवटपर्यंत पोचले नाही. पुढच्याच वर्षी, २००५ साली, पाच वाहनांनी वाट पुरी केली. २००७ साली तशीच शर्यत शहरासारख्या रस्त्यांवर झाली. तिथे इतर वाहने होती, चौक होते, रहदारीचे नियम होते. तीही सहा वाहनांनी पुरी केली.

२. मोटारीची चार कामे

तुम्ही रस्ता ओलांडता, तेव्हा काय करता? आधी पाहता. मग दिसते ते काय आहे, हे ओळखता. मग ते पुढे काय करील, याचा अंदाज घेता. मग जायचे की थांबायचे, हे ठरविता. ही चार कामे तुम्ही न शिकता करता, असे तुम्हांला वाटते. पण लहानपणी आईने हात धरून तीच तुम्हांला शिकविली होती.

मोटारही हीच चार कामे करते.

पहिले काम पाहणे. मोटारीला चहूकडे कॅमेरे असतात. शिवाय तिच्यावर रडार असते. रडार म्हणजे न दिसणाऱ्या लहरी सोडणारे यंत्र. लहर वस्तूवर आपटून परत येते. त्यावरून वस्तू किती दूर आहे आणि किती वेगाने येते आहे, हे कळते. पुष्कळ मोटारींवर लायडार नावाचे आणखी एक यंत्र असते. ते लहरींऐवजी लेझरचा प्रकाश सोडते. त्याने अंधारातही वस्तूचा आकार कळतो.

दुसरे काम ओळखणे. समोर आहे तो माणूस, की खांब? सायकल, की फटफटी? रस्त्यावर पडली आहे ती कागदी पिशवी, की दगड? पिशवीसाठी जोराचा ब्रेक मारला, तर मागचे वाहन येऊन आपटेल. दगडासाठी मारला नाही, तर मोटार उलटेल.

तिसरे काम अंदाज. उभा असलेला माणूस उभाच राहील, की रस्त्यावर उतरेल? पुढची मोटार वळेल, की सरळ जाईल? हे कोणालाच पक्के ठाऊक नसते. म्हणून मोटार एकच अंदाज बांधून बसत नाही. ती दोनतीन शक्यता धरते आणि कोणती किती संभवते, याचा हिशेब मांडते.

चौथे काम ठरविणे. पुढे जावे? वेग कमी करावा? थांबावे? शेजारच्या रांगेत जावे? जी वाट सुरक्षित, नियमात बसणारी आणि आतल्या उतारूला धक्के न देणारी, ती निवडायची.

ही चार कामे एकदा करून भागत नाही. एका सेकंदात ती अनेक वेळा पुन्हापुन्हा करावी लागतात. मोटार दारू पीत नाही. तिला झोप येत नाही. ती एकाच वेळी मागेपुढे पाहते. हे तिचे गुण मोठे आहेत. पण गुण असले म्हणजे निर्णय आपोआप बरोबर येतो, असे नाही.

३. थांबायला जागा किती लागते?

निर्णय वेळेवर का हवा, ते आकड्यांनी पाहू.

ड्रायव्हरला काही दिसले की त्याचा पाय लगेच ब्रेकवर जात नाही. दिसणे, समजणे आणि पाय हलविणे यात सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्यात मोटार पुढे जातच असते. ब्रेक लागल्यावरही ती जागच्या जागी थांबत नाही. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले, तर साधारण हिशेब असा येतो:

वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर थांबायला सुमारे १८ मीटर लागतात.
वेग ताशी ४० असेल, तर सुमारे २५ मीटर.
वेग ताशी ६० असेल, तर सुमारे ४५ मीटर.

नीट पहा. वेग ३० चा ६० झाला, म्हणजे दुप्पट झाला. पण जागा दुपटीहून जास्त लागली. कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होते. पावसात रस्ता ओला असेल, तर ते आणखी वाढते.

यंत्राला समजायला माणसापेक्षा कमी वेळ लागू शकतो. पण ब्रेक लागल्यावरचे अंतर यंत्रालाही चुकत नाही. म्हणून शहाणी मोटार आधीच वेग कमी करते. समोर उभी बस आहे. बसच्या पलीकडचे दिसत नाही. तिथून एखादे माणूस बाहेर येऊ शकते. ते आलेले दिसेल तेव्हा पाहू, असे म्हणून चालत नाही. येईल असे धरूनच वेग उतरवायचा. दिसत नाही म्हणजे तिथे कोणी नाही, असे नव्हे. हा या धड्यातला पहिला मोठा बोध.

४. दुसरा थांबेल का?

१४ फेब्रुवारी २०१६ रोजी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू गावी एक छोटा अपघात झाला. गूगल कंपनीची आपोआप चालणारी मोटार उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या कडेने चालली होती. (अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, हे ध्यानात घ्या.) कडेला गटाराच्या तोंडाशी वाळूच्या पिशव्या होत्या. वाट अडली, म्हणून मोटार थांबली. मग ती हळूच डावीकडे सरकू लागली. मागून बस येत होती. बस थांबेल, असे मोटारीने धरले. आत चाकामागे देखरेखीला माणूस होता. त्यालाही तसेच वाटले. बस थांबली नाही. मोटार बसच्या अंगाला घासली. मोटारीचा वेग ताशी ३ किलोमीटर, बसचा सुमारे २४. कोणाला इजा झाली नाही.

इजा झाली नाही, पण धडा मिळाला. मोठी वाहने सहसा वाट देत नाहीत, हे मोटारीच्या हिशेबात पुढे अधिक पक्के घालण्यात आले.

याच्या उलट अडचणही असते. अमेरिकेत काही चौकांत चारही बाजूंच्या वाहनांनी थांबायचे आणि जो आधी आला त्याने आधी जायचे, असा नियम आहे. माणसे पुरती थांबत नाहीत, हळूहळू पुढे सरकत राहतात. गूगलची सुरुवातीची मोटार मात्र सर्वजण पुरते थांबण्याची वाट पाहत तशीच उभी राही. ती फार सज्जन, म्हणून तिची पाळी येईना! शेवटी तिलाही थोडे पुढे सरकून "आता मी जाते" असे दाखवायला शिकवावे लागले.

तेव्हा फार धीट मोटार घातक. फार भित्री मोटार निरुपयोगी. ती भर रस्त्यात खोळंबली, तर मागे रांग लागते, रुग्णवाहिका अडकते. दोहोंच्या मधली वाट शोधणे, हेच खरे अवघड काम.

५. पाच नियम

२०१७ साली इस्रायलमधील मोबिलआय कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मोटारीसाठी पाच नियम मांडले. ते गणितात लिहिलेले आहेत. त्यांचा अर्थ साध्या मराठीत असा:

१) पुढच्या वाहनाला मागून धडकू नका. त्याने एकदम ब्रेक मारला, तरी थांबता येईल एवढे अंतर ठेवा.
२) दुसऱ्याच्या पुढे एकदम घुसू नका.
३) आधी जाण्याचा हक्क तुमचा असला, तरी तो दुसऱ्याने द्यायचा असतो. तुम्ही हिसकावून घ्यायचा नसतो.
४) जिथे पलीकडचे दिसत नाही, तिथे सांभाळून चला.
५) दुसरा अपघात न करता एक अपघात टाळता येत असेल, तर तो टाळलाच पाहिजे. चूक दुसऱ्याची असली तरीही.

हे नियम यंत्रासाठी लिहिले. पण टेम्पोवाला, एस.टी.चा ड्रायव्हर, सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी, या सर्वांना ते तितकेच लागू पडतात. पाचवा नियम पुन्हा वाचा. "चूक त्याची होती" हे म्हणणे कचेरीत उपयोगी पडते. रस्त्यावर ते कोणाचा जीव वाचवीत नाही.

६. टेंपी गावची रात्र

आता एक दुःखाची हकीकत सांगणे भाग आहे.

१८ मार्च २०१८. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेंपी नावाचे शहर आहे. रात्रीचे दहा वाजत आले होते. ४९ वर्षांची एक बाई सायकल हाताने ढकलीत रुंद रस्ता ओलांडत होती. तिथे पायी ओलांडण्याचे पट्टे नव्हते. उबर कंपनीची आपोआप चालणारी मोटार चाचणीसाठी त्याच रस्त्याने येत होती. वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर. चाकामागे देखरेखीसाठी एक व्यक्ती बसली होती. मोटारीने त्या बाईला धडक दिली. ती मरण पावली. आपोआप चालणाऱ्या मोटारीच्या धडकेने पायी माणूस मेल्याची जगातली ही पहिली नोंद.

अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा मंडळाने पुढे सविस्तर चौकशी केली. तीत काय निघाले?

मोटारीला बाई दिसली नाही, असे झाले नव्हते. धडकेच्या साडेपाच सेकंद आधी यंत्राला ती दिसली होती. साडेपाच सेकंद म्हणजे थांबायला भरपूर वेळ.

मग चुकले कुठे? यंत्राला ती काय आहे, हे ठरविता येईना. कधी ते म्हणे, हे वाहन आहे. कधी म्हणे, दुसरेच काही आहे. कधी म्हणे, सायकल आहे. नाव बदलले की यंत्र तिची आधीची चाल विसरे. म्हणून ती आपल्या वाटेत येते आहे, हे त्याच्या ध्यानी येईना. पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडील, ही गोष्ट त्या यंत्राच्या विचारात घातलेलीच नव्हती.

शेवटी धोका कळला, तेव्हा सव्वा सेकंदाच्या आत वेळ उरला होता. त्यातही यंत्राने एक सेकंद वाट पाहिली. नसत्या भीतीने मोटार वरचेवर ब्रेक मारू नये, म्हणून ती वाट मुद्दाम ठेवलेली होती. मोटार बनविणाऱ्या कारखान्याने दिलेला संकटकाळचा ब्रेक चाचणीपुरता बंद होता. आणि देखरेखीची व्यक्ती मोबाइलवर चित्रफीत पाहत होती.

मंडळाने मुख्य दोष देखरेखीतल्या दुर्लक्षाला दिला. कंपनीची सुरक्षेची व्यवस्था अपुरी होती, हेही लिहिले. राज्याने पुरेसे लक्ष ठेवले नाही, हेही लिहिले. बाईने पट्टे नसलेल्या जागी रस्ता ओलांडला, हेही नोंदविले.

७. निर्णय कोणाचा?

वाचकहो, इथे जरा थांबून विचार करा. ती मोटार त्या रात्री निर्णय चुकली, असे आपण म्हणतो. पण रस्त्याच्या मधे माणूस येत नाही, हे कोणी ठरविले? एक सेकंद थांबायचे, हे कोणी ठरविले? ते मोटारीने ठरविले नाही. ते माणसांनी कित्येक महिने आधी, कचेरीत बसून ठरविले. यंत्र जो निर्णय रस्त्यावर घेते, तो माणसाने आधी घेतलेलाच असतो.

म्हणून जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न टाळता येत नाही. त्या प्रकरणात देखरेखीच्या व्यक्तीने २०२३ साली कोर्टात गुन्हा कबूल केला. तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. हे पुरेसे होते का? यावर लोकांची मते वेगवेगळी आहेत. आमचे मत असे, की ज्याने नियम यंत्रात घातले आणि ज्याने ते न तपासता रस्त्यावर आणले, त्यालाही उत्तर देणे भाग पडले पाहिजे.

दुसरे एक उदाहरण पहा. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माणूस चालवीत असलेल्या एका मोटारीने एका बाईला उडविले. ती शेजारून येणाऱ्या क्रूझ कंपनीच्या चालकहीन मोटारीपुढे पडली. त्या मोटारीने जोराचा ब्रेक मारला, पण धडक बसलीच. मोटार थांबली. इथपर्यंत दोष तिचा फारसा नव्हता. पण मग, अपघात झाला म्हणजे कडेला घ्यावे, या शिकवणीप्रमाणे ती पुन्हा चालू लागली. बाई खाली अडकली आहे, हे तिला कळले नाही. बाई सुमारे २० फूट फरफटत गेली. ती जबर जखमी झाली, पण वाचली. कंपनीने ही फरफटीची गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांना नीट सांगितली नाही. त्याच महिन्यात राज्याने तिचा चालकहीन मोटारींचा परवाना स्थगित केला. पुढे कंपनीला दंडही झाला.

कडेला घेणे हा नियम चांगलाच आहे. पण माणूस असता, तर आधी खाली उतरून पाहिले असते.

८. काय ध्यानात ठेवावे?

आम्ही या मोटारींच्या विरुद्ध नाही. दारू पिऊन, झोपेत किंवा घाईत वाहन हाकणाऱ्या माणसांनी फार जीव घेतले आहेत. यंत्राने ते वाचत असतील, तर यंत्र जरूर यावे. पण यंत्राची परीक्षा आमच्या आयुष्यावर होऊ नये. परीक्षा आधी मोकळ्या मैदानात व्हावी. चूक झाली, तर ती लपवू नये.

आणखी एक गोष्ट. यंत्राला रस्ता शिकविताना रस्त्यावरची सगळी माणसे त्याच्या हिशेबात आली पाहिजेत. डोक्यावर भारा घेतलेली बाई, हातगाडी ढकलणारा, काठी टेकीत जाणारा, पट्टे नाहीत म्हणून मधूनच ओलांडणारा. जो नियमात बसत नाही, तोही माणूसच आहे. त्याला पाहून थांबणे, हा सर्व नियमांच्या आधीचा नियम आहे. तो मोटारीला शिकवावा, आणि आपणही पाळावा.

शब्दांचे अर्थ

उतारू – वाहनात बसून प्रवास करणारा
रडार – लहरींनी दूरची वस्तू ओळखणारे यंत्र
लायडार – लेझरच्या प्रकाशाने वस्तूचा आकार व अंतर सांगणारे यंत्र
देखरेख – लक्ष ठेवणे
स्थगित करणे – काही काळ बंद ठेवणे
जाब – केलेल्या गोष्टीचे द्यावे लागणारे उत्तर

प्रश्न

१) रुळावरची गाडी आणि रस्त्यावरची मोटार यांत कोणता फरक आहे?
२) मोटारीची चार कामे कोणती? तुम्ही रस्ता ओलांडताना ती कशी करता, ते सांगा.
३) वेग ताशी ३० चा ६० झाला, तर थांबायला किती मीटर जास्त लागतात?
४) टेंपी येथे यंत्राला बाई दिसली होती. तरी अपघात का झाला?
५) यंत्राच्या चुकीचा जाब कोणी द्यावा, असे तुम्हांला वाटते? वर्गात चर्चा करा.

करून पहा

आपल्या गावच्या रस्त्यावर, रहदारीपासून दूर, कडेला उभे रहा. तिथून २५ मीटर पावलांनी मोजा. एक मीटर म्हणजे मोठ्या माणसाचे सुमारे दीड पाऊल. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार थांबायला एवढी जागा लागते. घरी गेल्यावर ही जागा मुलांना दाखवा, आणि त्यांचा हात धरून रस्ता कसा ओलांडायचा, ते सांगा.